चिमूटभर ऑक्सिजन

बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत कसोटीच्या दगडावर सोनं घासून बघणारे आता मोजकेच राहिलेत. बहुतेक दुकानांत टेबलावर एक पेटी असते आणि बाजूला कॉम्प्युटर. झाकण उघडायचं, आतल्या बारक्या भोकावर डागिना ठेवायचा, झाकण लावून बटण दाबायचं. थोड्या वेळात पडद्यावर डोंगर उभे राहतात आणि खाली आकडे येतात: सोनं इतकं, तांबं इतकं, चांदी इतकी, जस्त इतकं. गावात सगळे तिला कॅरेट मशीन म्हणतात. आमची आत्या नंदगडहून जुन्या पाटल्या मोडीत घालायला आली होती, तेव्हा मी तिच्यासोबत होतो. पाटलीचा सांधा नेमका भोकावर आला आणि सोन्याचा आकडा घसरला. सांध्यात डाग असतो, म्हणजे जोडायला वितळवून लावलेला धातू, आणि डागात तांबं-जस्त. आत्याला हे माझ्याआधी कळलं. सराफाच्या पोराला म्हणाली, "सांधा सोडून धर की रे बाळ. सासूबाईंच्या हायत त्या, भेसळ न्हाई." त्याने पाटली फिरवली. आकडा वर गेला. आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मशीनच पास झालं.

मी पडद्यावरचे डोंगर बघत होतो. एक ८ च्या जवळ, तो तांब्याचा. पुढे ९.७ आणि ११.४ ला दोन उंच, ते सोन्याचे. लांब उजवीकडे २२ ला एक टेकडी, चांदीची. हे आकडे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, आम्ही बोलताना केईव्ही म्हणतो, म्हणजे अणूतून बाहेर पडलेल्या क्ष-किरणाची ऊर्जा. मशीनमधली नळी पाटलीवर क्ष-किरण मारते. सोन्याच्या अणूतला आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडतो, वरचा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेत उतरतो, आणि उतरताना उरलेली ऊर्जा किरणाच्या रूपात बाहेर टाकतो. दोन पायऱ्यांमधलं अंतर प्रत्येक मूलद्रव्याचं आपापलं. म्हणून किरण मोजला की अणू ओळखता येतो. हेन्री मोझली नावाच्या पोराने १९१३ साली हे नीट मांडलं, आणि १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत तो गेला. तेव्हा सत्ताविशीत होता.

मी इथल्याच एका कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे अशा मशीनसमोर उभा राहिलो की मला ती काय दाखवत नाही ते आधी सुचतं. पाटलीला हाताचं तेल लागलेलं होतं, खाचांत साबण बसला होता. तेलात कार्बन आहे, ऑक्सिजन आहे, हायड्रोजन आहे. पडद्यावर त्यांचा पत्ता नाही. ऑक्सिजनचा स्वतःचा क्ष-किरण असतो, पण अर्ध्या केईव्हीच्या आसपासचा. कार्बनचा त्याच्याही निम्म्याजवळ. इतका दुबळा किरण हवेत बोटभरसुद्धा धड जात नाही. हायड्रोजनला तर आतली कक्षाच नाही. हलक्या अणूंच्या बाबतीत ही पद्धत जवळजवळ आंधळी.

हलक्या अणूंना बोलतं करायचा एक दुसरा रस्ता आहे. इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन बसवायचा.

म्यूऑन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण खरी गंमत पुढे आहे. कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना तो १९३६-३७ साली वैश्विक किरणांत सापडला. विद्युतभार इलेक्ट्रॉनइतकाच, वजन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट, आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. दुर्मिळ नाही. तुम्ही हे वाचताय तोवर तुमच्या तळहातातून सेकंदाला एकाच्या हिशेबाने वरून येणारे म्यूऑन आरपार जातायत. आपल्याच कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी १९५० च्या दशकापासून जमिनीखाली निरनिराळ्या खोलीवर हे म्यूऑन मोजले, आणि १९६५ मध्ये दोन किलोमीटरहून खोल जाऊन वातावरणातल्या न्यूट्रिनोंची, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या भारहीन कणांची, खूणही पकडली. बेळगावची मुलं कोलार म्हटलं की फक्त सोनं सांगतात. मला त्याचा राग येतो, पण त्यात मुलांचा दोष कमी आणि पुस्तकं लावणाऱ्यांचा जास्त.

ऋणभाराचा म्यूऑन पदार्थात शिरला, धावून दमला आणि थांबला, की एखादा अणू त्याला धरतो. म्यूऑन केंद्रकाभोवती फिरू लागतो. वजन दोनशे पट, म्हणून कक्षा दोनशे पट आत. इतकी आत, की अणूतले बाकीचे इलेक्ट्रॉन त्याच्या दृष्टीने बाहेरच राहतात, मध्ये येत नाहीत. तो वरच्या पायरीवर पकडला जातो आणि तिथून भराभर खाली उतरतो, आणि शेवटच्या उड्यांना क्ष-किरण टाकतो. कार्बनपाशी तो किरण ७५ केईव्हीचा, ऑक्सिजनपाशी १३३ चा, अॅल्युमिनियमपाशी ३४७ चा. अर्ध्या केईव्हीवरून १३३! हा किरण काही मिलिमीटर अॅल्युमिनियम सहज भेदून बाहेर येतो. जो ऑक्सिजन सराफाच्या मशीनला दिसत नव्हता, तो आता भिंतीपलीकडून ओळख सांगतो.

ह्याचा व्यवहारात उपयोग करणारेही आहेत. जपानात तोकाईला जे-पार्क नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे जुन्या काळातलं सोन्याचं कोबान नाणं न फोडता, न कापता तपासलं गेलं. त्या नाण्यांचा वरचा थर रसायनं लावून जास्त सोनेरी केलेला असायचा आणि आत चांदीचं प्रमाण जास्त. म्यूऑन किती वेगाने सोडायचा हे हातात असतं, त्यामुळे तो किती खोल थांबेल तेही ठरवता येतं, आणि थरागणिक वेगळं वाचन मिळतं. कॅरेट मशीनचं वाचन वरच्या काही मायक्रॉनपुरतं असतं. हायाबुसा-२ यानाने र्‍यूगू लघुग्रहावरून आणलेले दगडही त्याच प्रयोगशाळेत म्यूऑनने तपासले, कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजनसाठी. आत्याला हे सांगितल्यावर तिचा प्रश्न एकच: "घट किती धरत्यात?"

आता मूळ विषयाकडे येतो. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना अवांतर म्हणून मी हे शिकवायला घेतलं, आणि तेव्हापासून ते माझ्याच डोक्यातून जात नाही. विषय असा: म्यूऑन एका अणूपाशी असताना तिथून दुसऱ्या अणूकडे कसा जातो, आणि तो गेला हे आपल्याला कळतं कसं.

हायड्रोजन वायूने भरलेलं भांडं घ्या. म्यूऑन आत थांबला, एका प्रोटॉनने धरला, तिथला इलेक्ट्रॉन हाकलला गेला. आता प्रोटॉन धनभार, म्यूऑन ऋणभार, दोघं मिळून शून्य. आणि आकार? नेहमीच्या हायड्रोजन अणूच्या १८६ पट लहान. भार नाही आणि अंग नाही, अशा ह्या जोडीला कोणी अडवतच नाही. दुसऱ्या अणूंच्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून ती सरळ आत शिरते. भांड्यात कुठेतरी ऑक्सिजनचा अणू असला आणि जोडी त्याच्या केंद्रकाजवळ पोचली, की म्यूऑनसमोर आठ प्रोटॉन उभे राहतात. प्रोटॉनपाशी तो अडीच केईव्हीने बांधलेला असतो. ऑक्सिजनपाशी अगदी तळाला गेला तर त्याच्या सत्तर पटीने. म्यूऑन जातो. एकदम तळाला नाही, मधल्या कुठल्यातरी पायरीवर उतरतो आणि तिथून खाली. प्रोटॉन मागे राहतो आणि ऑक्सिजनच्या धनभारामुळे दूर फेकला जातो.

हे फळ्यावर काढत असताना मागच्या बाकावरून खानापूरचा एक पोरगा बोलला, "म्हणजे सर, म्यूऑनचं १९५६ झालं."

वर्ग हसला, मीही हसलो. सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसाला आमच्याकडे दुसरी ओळख लागत नाही. पोराने गमतीने म्हटलं खरं, पण मला त्यातून एक खरी गोष्ट सांगायला मिळाली. म्यूऑन एका केंद्रकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची खूण माणसाच्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसली ती त्याच १९५६ साली, कॅलिफोर्नियात बर्कलीला.

लुई अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवरूप हायड्रोजनचं बुडबुडा-कक्ष केलं होतं. भारित कण त्यातून गेला की मागे बारीक बुडबुड्यांची रेघ उमटते, आणि तिचा फोटो घेतात. काही फोटोंमध्ये विचित्र दिसलं. म्यूऑनची रेघ येते, संपते. मग थोडी मोकळी जागा. आणि मग त्या जागेपलीकडून पुन्हा म्यूऑनची रेघ सुरू होते, सुमारे १.७ सेंटिमीटर लांबीची. थांबलेला म्यूऑन पुन्हा धावायला लागला कसा? आणि मध्ये रेघ का नाही?

उत्तर निसर्गातल्या हायड्रोजनमध्येच होतं. साध्या हायड्रोजनच्या दहा हजार अणूंमागे एखाद-दुसरा ड्यूटेरियमचा असतो, म्हणजे केंद्रकात प्रोटॉनबरोबर एक न्यूट्रॉनही. भार तोच, वजन दुप्पट. वजन जास्त असल्याने म्यूऑन त्याच्याशी १३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट जास्त घट्ट बांधला जातो. तेवढा फरक पुरतो. म्यूऑन प्रोटॉनला सोडून ड्यूटेरियमकडे जातो, आणि ह्या व्यवहारात सुटलेली ऊर्जा वाटून घेत नवी जोडी धावत सुटते. जोडीवर भार नाही, म्हणून रेघ नाही. ती मोकळी जागा म्हणजे तिचा प्रवास. पुढे तिला एक प्रोटॉन भेटतो, म्यूऑन दोघांना इतकं जवळ आणतो की दोन्ही केंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम-३ तयार होतो, आणि ती ऊर्जा घेऊन म्यूऑन बाहेर फेकला जातो. दुसरी रेघ त्याची. म्हणजे काहीही न तापवता, हायड्रोजन गोठायच्या जवळ असताना, केंद्रकांचं मीलन. आंद्रेई साखारोव यांनी १९४८ मध्येच ह्या शक्यतेचा विचार केला होता. अल्वारेझ यांनी पुढे नोबेलच्या भाषणात सांगितलं की थोडा काळ आम्हाला वाटलं, जगाच्या इंधनाचा प्रश्न सुटला. तो सुटला नाही. म्यूऑन फार थोडा जगतो, आणि पुढच्या प्रयोगांत कळलं की कधी ना कधी तो तयार झालेल्या हेलियमलाच चिकटून बसतो आणि कामातून जातो.

पोराच्या तुलनेबद्दल एवढंच, की मी ती पुढे नेली नाही. म्यूऑन एकदा जड केंद्रकाकडे गेला की परत येत नाही; हे वाक्य इथल्या वर्गात मोठ्याने म्हणण्याइतका मी शूर नाही.

बुडबुड्यांच्या फोटोत म्यूऑनची बदली, म्हणजे एका अणूकडून दुसऱ्याकडे जाणं, दिसली ती रेघेच्या अभावातून. वायूत रेघ नसते. तिथे साक्षीदार म्हणजे क्ष-किरण. १३३ केईव्हीचा किरण आला म्हणजे ऑक्सिजनपाशी म्यूऑन आला, इतकं नक्की. पण तो थेट आला, की आधी हायड्रोजनकडे जाऊन मग आला? किरणाची ऊर्जा दोन्ही वेळा तीच. नुसत्या ऊर्जेवरून उत्तर मिळत नाही. मला ह्या प्रयोगात सगळ्यात आवडतं ते इथे: उत्तर मिळतं किरण कधी आला त्यावरून.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेला रदरफर्ड अॅपलटन प्रयोगशाळा आहे. तिथलं आयसिस यंत्र प्रोटॉनांचे झोत कार्बनच्या पातळ फळीवर आदळून म्यूऑन तयार करतं. म्यूऑन धारेने येत नाहीत, ठोक्याठोक्याने येतात: प्रत्येक झोतात दोन ठोके, एकेक ठोका सुमारे ७० नॅनोसेकंदांचा, दोघांत ३२० नॅनोसेकंदांचं अंतर. ठोका आला की गोंधळ उडतो. म्यूऑन अॅल्युमिनियमच्या भिंतीत थांबतात, खिडकीच्या पत्र्यात थांबतात, वायूत थांबतात, आणि भिंतीतले म्यूऑन लगेच किरण टाकून मोकळे होतात. ३४७ चा डोंगर पडद्यावर उंच चढतो. काही थोडे म्यूऑन थेट ऑक्सिजनकडेही जातात आणि त्यांचे किरणही ह्याच गर्दीत येतात. हे सगळं टाकून द्यायचं. थांबायचं. वायूतल्या हायड्रोजन-म्यूऑन जोड्या ह्या काळात बाकीच्या रेणूंना धडकत धडकत शांत होतात, भांड्याच्या तापमानाला येतात. ठोका संपून शंभर-दोनशे नॅनोसेकंद झाले, भिंती गप्प झाल्या, आणि तरीही १३३ वर एकेक किरण येतोच आहे, तर तो बदलीचा. ज्याला उशीर झाला तो हायड्रोजनकडून फिरून आला.

मग त्या उशिरा आलेल्यांची संख्या वेळेनुसार मांडायची. ती घटत जाते, आणि लॉगच्या कागदावर सरळ रेषेत उतरते. रेषेचा उतार म्हणजे जोड्या किती झपाट्याने संपतायत. त्यात म्यूऑनचा स्वतःचा मृत्यू आहे, ड्यूटेरियमने पळवलेले आहेत, दोन प्रोटॉनांत अडकलेले आहेत. ते सगळे दर वेगळे माहीत असतात. वजा केले की उरतो तो ऑक्सिजनचा दर. मुलांना मी हा आलेख हाताने काढायला लावला. कॉम्प्युटरवर रेष आपोआप बसते आणि तिच्यात काय काय मिसळलं आहे ते कळतच नाही. अर्ध्या मुलांनी पहिले बिंदूही रेषेत घेतले आणि उतार भलताच तिरपा आला. तेव्हा सुरुवातीची गर्दी का टाकायची ते डोक्यात शिरलं.

आणखी एक खूण आहे, ती नजाकतीची. थेट पकडलेला म्यूऑन वरच्या पायऱ्यांवरून वळसे घेत खाली येतो, शेवटची उडी बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर, म्हणून १३३ चाच किरण जास्त. बदलीने आलेला म्यूऑन मधल्या पायरीवर असा उतरतो की बऱ्याचदा तिसरी-चौथीवरून एकदम तळाला उडी मारतो. त्यामुळे १५८ आणि १६७ च्या किरणांचा वाटा वाढतो. म्हणजे वेळ न बघताही, नुसत्या डोंगरांच्या उंचीच्या प्रमाणावरून, म्यूऑन कुठल्या वाटेने आला ह्याचा अंदाज येतो. हेलियमची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्याकडे म्यूऑन सरळ जातच नाही म्हटलं तरी चालेल. आधी हायड्रोजन, म्यूऑन आणि हेलियम यांचा तात्पुरता रेणू बनतो, तो मोडताना म्यूऑन हेलियमकडे राहतो. हलके अणू साधे असतात असं आपण शिकवतो. त्यांच्या बाबतीत खरं काम किती अवघड होतं ते इथे दिसतं.

हे किरण पकडायला शुद्ध जर्मेनियमचे शोधक वापरतात. ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांच्या आसपास, थंड ठेवावे लागतात. हे शोधक बेळगावात कुठून आणणार, असं एका मुलीने विचारलं. शोधक नाही मिळणार. पण द्रवरूप नायट्रोजन तिच्या घरासमोरून रोज जातो. गायी-म्हशींना रेतन करायला येणारे डॉक्टर मोटरसायकलच्या बाजूला जो चंदेरी कॅन बांधतात, त्यात तोच असतो. वळूचं वीर्य त्यात राखतात. तिच्या वडिलांच्या गोठ्यात त्या कॅनचं झाकण उघडताना पांढरी वाफ खाली सांडते हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. पुढच्या तासाला ती सांगत आली की डॉक्टरांना विचारलं, कॅन भरून किती दिवस टिकतो. मी फळ्यावर जे लिहिलं होतं त्यापेक्षा ह्या चौकशीचं मला जास्त कौतुक वाटलं.

आता ह्या सगळ्यातली उलटी गोष्ट. म्यूऑनची ही पळवापळवी बराच काळ लोकांना डोकेदुखी वाटायची. हायड्रोजनवर नेमका प्रयोग करायचा, तर वायूत ऑक्सिजन, नायट्रोजन, पाण्याची वाफ ह्यांचा अंशही चालत नाही, कारण ते म्यूऑन हिरावून नेतात. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत म्यूकॅप नावाचा प्रयोग झाला. प्रोटॉन म्यूऑनला गिळतो तो दर त्यांना मोजायचा होता. त्यासाठी रशियात गाचिनाच्या संस्थेतल्या लोकांनी हायड्रोजन सतत गाळत राहणारी यंत्रणा बांधून दिली, ड्यूटेरियमसुद्धा वेगळा काढला, आणि परके अणू दहा कोटींत एखाद्याच्या पातळीपर्यंत खाली आणले. तिथे शुद्धता हाच सगळा खेळ.

रदरफर्डमधला फामू प्रयोग, प्रामुख्याने इटलीतल्या शास्त्रज्ञांचा, नेमकं उलट करतो. ते हायड्रोजनमध्ये स्वतःच्या हाताने ऑक्सिजन मिसळतात, हजारात एकाहूनही कितीतरी कमी. पॉल शेरर संस्थेतल्या आधीच्या मोजणीत एक गोष्ट दिसली होती: ऑक्सिजनकडे जाण्याचा दर जोडीच्या वेगावर अवलंबून असतो. जोडी जरा वेगात असली तर म्यूऑन लवकर जातो. फामूवाल्यांनी हेच वायू थंड-गरम करून तपासलं. १०४ केल्विनवरून ३०० केल्विनवर येताना दर दुपटीहून जास्त झाला. म्हणजे ऑक्सिजन नुसता म्यूऑन पळवत नाही, येणाऱ्या जोडीचा वेगही सांगतो. १३३ चे उशिरा येणारे किरण मोजले की आत कोण किती पळतंय ते कळतं.

ह्याचा उपयोग असा. प्रोटॉन आणि म्यूऑन दोघेही बारके चुंबक असतात. ते एका दिशेला असले किंवा विरुद्ध, ह्यात जोडीच्या ऊर्जेत ०.१८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक पडतो. हा फरक फार बारकाईने मोजला तर प्रोटॉनमध्ये विद्युतभार आणि चुंबकत्व कसं पसरलंय ते कळतं. २०१० साली पॉल शेरर संस्थेतच म्यूऑनवाल्या हायड्रोजनवरून प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर निघाली, आणि तोवर सगळे ०.८८ च्या जवळ धरून चालले होते. तेव्हापासून ह्या मोजणीकडे सगळ्यांचं लक्ष आहे. फामूवाले भांड्यात ६.८ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त लेझर सोडतात. तरंगलांबी नेमकी जुळली तर जोडी वरच्या स्थितीत जाते. मग शेजारच्या रेणूला धडकून ती पुन्हा खाली येते, आणि ती सुटलेली ऊर्जा वेगात जाते: शांत झालेली जोडी एकदम पळायला लागते. पळणाऱ्या जोडीकडून ऑक्सिजन म्यूऑन जास्त चटकन घेतो. म्हणून लेझर अगदी बरोबर लागला की १३३ चे उशिराचे किरण किंचित वाढतात. ६.८ च्या अलीकडे-पलीकडे सरकत जायचं आणि ती वाढ कुठे येते ते शोधायचं. लेझर, प्रोटॉन, चुंबकत्व, सगळ्याचा हिशेब शेवटी त्या चिमूटभर ऑक्सिजनकडून घ्यायचा.

हे वर्गात सांगितलं तेव्हा आधीच्याच त्या खानापूरच्या पोराने विचारलं, "मग सर, ऑक्सिजनच कशाला? आर्गॉन घाला की. आमच्या मामाच्या वर्कशॉपात सिलेंडरच्या सिलेंडर पडलेत." उद्यमबागेत, आमच्याकडच्या कारखान्यांच्या वसाहतीत, वेल्डिंगसाठी आर्गॉन लागतो, ते खरंच आहे. आणि आर्गॉन म्यूऑन घेतोही भरपूर, ऑक्सिजनपेक्षा जास्तच. पण येणारी जोडी मंद आहे की वेगात, ह्याचं त्याला ऑक्सिजनइतकं पडलेलं नाही. तो सगळ्यांकडून साधारण सारखंच घेतो, त्यामुळे लेझर लागला काय आणि चुकला काय, त्याच्या किरणांच्या संख्येवरून सांगता येणार नाही. पोराला ते पटलं, पण सिलेंडरचा मुद्दा त्याने सोडला नाही. ऑक्सिजनचेही असतात म्हणे, गॅसकटिंगवाल्यांकडे.